पंचायतीत आयपी मिळतो, शाळेतल्या अभ्यासिकेत मिळत नाही: व्हीलॅन, रेडिओ लिंक आणि डीएचसीपी

घाटंजीचा परिचालक

नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत मी संगणक परिचालक आहे. भारतनेटची फायबर पंचायतीच्या खोलीपर्यंत आलेली आहे. तिथून पुढचं जाळं गावानं वर्गणी करून उभारलं. जिल्हा परिषद शाळेच्या दोन रिकाम्या खोल्यांत अभ्यासिका चालते. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक अशा परीक्षांची तयारी करणारी पोरं-पोरी तिथं रात्री उशिरापर्यंत बसतात. त्यांच्यासाठीच हे सगळं केलं, आणि आता नेमकं तिथलंच वायफाय चालत नाहीये.

मांडणी अशी आहे. फायबरच्या डब्यातून मायक्रोटिक कंपनीचा राउटर, तिथून आठ पोर्टचा मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच. स्विचवरून एक वायर पंचायतीच्या ॲक्सेस पॉइंटला (वायफाय पसरवणाऱ्या डब्याला) जाते, दुसरी गच्चीवरच्या रेडिओला. समोर शाळेच्या छतावर दुसरा रेडिओ आहे, त्याच्याखाली पाच पोर्टचा साधा स्विच आणि त्यावर अभ्यासिकेचा ॲक्सेस पॉइंट. तीन वायफाय नावं, तीन व्हीलॅन (एकाच वायरवर वेगळी ठेवलेली जाळी): कार्यालय १०, अभ्यासिका २०, गावकऱ्यांसाठी ३०. तिन्हींचे पत्ते वेगळे, म्हणजे १९२.१६८.१०, १९२.१६८.२० आणि १९२.१६८.३०. डीएचसीपी, म्हणजे उपकरणाला आपोआप आयपी पत्ता देण्याचं काम, तिन्हींसाठी राउटरच करतो.

पंचायतीत बसून तिन्ही नावांना मोबाईल जोडला की लगेच पत्ता मिळतो. शाळेत मात्र बहुतेक मोबाईल "आयपी पत्ता मिळवत आहे" इथंच अडकतात आणि थोड्या वेळानं जोडणी सोडून देतात. लॅपटॉपला १६९.२५४ चा पत्ता येतो. दोन-तीन जुन्या उपकरणांना मात्र शाळेतही व्यवस्थित पत्ता मिळतो, हेच समजत नाही. पासवर्ड बरोबर आहे, सिग्नल भरपूर आहे. राउटर, स्विच, ॲक्सेस पॉइंट बंद-चालू करून झाले. मुलांच्या सराव परीक्षा ऑनलाइन आहेत, त्यामुळे घाई आहे. कुठून सुरुवात करू?

वणीवाला

राजेहो, यात इतकं डोकं कायले लावता? शाळेतल्या मोबाईलले हातानं पत्ता टाकून द्या. १९२.१६८.२०.५० पासून चालू करा, गेटवे (राउटरचा पत्ता) १९२.१६८.२०.१, झालं. आमच्या इकडं कोळशाच्या खाणीजवळच्या एका हापिसात असंच चालू हाय. एकदा टाकलं की पाहायची गरज नाई.

मोर्शीची ताई

वणीवाले भाऊ, हापिसात ठरलेली दहा यंत्रं असतील तर ते चालून जातं. अभ्यासिकेत रोज नवी मुलं येतात. एकानं ५० टाकला, दुसऱ्यानं मित्राचं पाहून तोच ५० टाकला, की दोघांचंही नेट तुटक चालणार आणि दोष इंटरनेटला दिला जाणार. शिवाय हे हाताचे पत्ते डीएचसीपीच्या साठ्यातलेच (राउटर जे पत्ते वाटतो त्यांतलेच) असतील तर गोंधळ आणखी वाढतो. मुलांच्या मोबाईलमध्ये हात घालू नका, परिचालक भाऊ.

पण भाऊंच्या सूचनेचा चाचणी म्हणून मोठा उपयोग आहे. शाळेतल्या एकाच लॅपटॉपवर, अभ्यासिकेच्या वायफायला जोडून, हातानं पत्ता टाका. साठ्याच्या बाहेरचा निवडा. मग १९२.१६८.२०.१ ला पिंग (उत्तर मागणारा छोटा चाचणी संदेश) जाते का ते सांगा. त्या एका उत्तरावर अर्धा शोध आटोपतो. पिंग गेली नाही, तर व्हीलॅन २० चा टॅग, म्हणजे माहितीच्या पाकिटावर लावलेला व्हीलॅनचा नंबर, वाटेत कुठंतरी गळतो आहे. पिंग गेली, तर रस्ता साबूत आहे आणि फक्त डीएचसीपीची देवाणघेवाण मोडते आहे. हे दोन अगदी वेगळे आजार आहेत.

अकोला जंक्शन

ताईंशी सहमत. माझा संशय त्या पाच पोर्टच्या साध्या स्विचवर आहे. व्हीलॅनचा टॅग ४ बाइटचा असतो, त्यामुळे इथरनेटची सगळ्यात मोठी फ्रेम (वायरवरून जाणारं माहितीचं पाकीट) १५१८ वरून १५२२ बाइटची होते. बहुतेक साधे स्विच ती तशीच पुढं पाठवतात, पण काही जुने १५१८ च्या वरचं सगळं फेकून देतात. मात्र तसं असतं तर लक्षण उलटं दिसलं असतं. डीएचसीपीचे संदेश लहान, साधारण साडेतीनशे बाइटचे. ते आरामात गेले असते, पत्ता मिळाला असता आणि मग पानं उघडताना अडकलं असतं. तरीही तो स्विच एकदा काढून रेडिओची वायर थेट ॲक्सेस पॉइंटला लावून पाहा.

पत्त्यांचा साठा संपला नाही ना, हेही पाहून घ्या.

घाटंजीचा परिचालक

साठा पाहिला. १९२.१६८.२०.१० ते २०० असा ठेवलेला आहे आणि वापरात असलेले पत्ते त्याच्या चौथा हिस्साही नाहीत. स्विच काढून पाहिला, फरक नाही.

ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. हातानं १९२.१६८.२०.२४० टाकल्यावर पिंग गेली आणि इंटरनेटसुद्धा सुरू झालं! सराव परीक्षेचं पान उघडलं. म्हणजे टॅग नीट जातो आहे ना?

मोर्शीची ताई

हो, टॅग नीट जातो आहे. आता सर्व्हरच्या सेटिंगला हात लावू नका. संदेश कुठपर्यंत पोचतो आणि कुठून परत येत नाही, एवढंच शोधायचं. जे नवीन वाचतायत त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते.

मोबाईल जाळ्यात आला की त्याच्याकडं पत्ता नसतो. म्हणून तो सगळ्यांना उद्देशून एक हाक मारतो, ती डिस्कव्हर. सर्व्हर एक पत्ता देऊ करतो, ती ऑफर. मोबाईल "हाच द्या" म्हणतो, ती रिक्वेस्ट. सर्व्हर शिक्का मारतो, तो ॲक. १९९७ च्या आरएफसी २१३१ या इंटरनेटच्या नियमपत्रात हे नियम लिहिलेले आहेत. सर्व्हर ६७ नंबरच्या यूडीपी पोर्टवर ऐकतो, ग्राहक ६८ वर. चारपैकी एक जरी संदेश हरवला तरी मोबाईल "मिळवत आहे" इथंच बसून राहतो, आणि विंडोज शेवटी कंटाळून स्वतःच १६९.२५४ चा पत्ता लावून घेतो. तो पत्ता दिसला की समजायचं, उत्तर आलं नाही.

आता राउटरमध्ये आयपी, मग डीएचसीपी सर्व्हर, मग लीज (ठरावीक मुदतीसाठी दिलेले पत्ते) अशी यादी उघडा. शाळेत एक मोबाईल जोडायला सांगा आणि त्याच वेळी यादीतल्या शेवटच्या रकान्याकडं पाहत राहा. तिथं "बाउंड" (पत्ता पक्का झाला) येतं की "ऑफर्ड" (फक्त देऊ केला)? दुसरं, आयपी, मग एआरपी (कोणता आयपी कोणत्या मॅकचा) ही यादी उघडा. शाळेतल्या ज्या दोन-तीन उपकरणांना पत्ता मिळतो, त्यांच्या समोरचे मॅक पत्ते (उपकरणाचा स्वतःचा हार्डवेअर नंबर) इथं लिहू नका, फक्त वेगवेगळे आहेत का ते सांगा.

हिंगणघाट कापूसबाजार

मध्येच बोलतो, माफ करा. आमच्याकडं जिनिंगमध्ये अगदी असंच लक्षण होतं, पण कारण निराळं निघालं. हंगामात वजनकाट्याच्या खोलीत कुणीतरी घरचा जुना राउटर आणून स्विचला लावला होता, तोही लॅनच्या पोर्टमध्ये. तो स्वतःच पत्ते वाटत होता. निम्म्या लोकांना १९२.१६८.०.काहीतरी मिळायचं आणि नेट नाही. जो सर्व्हर आधी उत्तर देईल त्याचाच पत्ता ग्राहक घेतो, म्हणून कधी चालायचं, कधी नाही. मायक्रोटिकमध्ये डीएचसीपी अलर्ट म्हणून सोय आहे, परका सर्व्हर दिसला की लॉगमध्ये नोंद होते. आणि मॅनेज्ड स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (कोणत्या पोर्टवरून पत्ते वाटू द्यायचे याचा पहारा) लावून फक्त राउटरकडचा पोर्ट विश्वासाचा ठेवला की असे पाहुणे गप्प बसतात.

परिचालक भाऊ, तुमच्याकडं कुणाला भलत्याच मालिकेतला पत्ता मिळतो का?

घाटंजीचा परिचालक

नाही भाऊ, एकालाही नाही. मिळतो तेव्हा २० च्याच मालिकेतला मिळतो.

ताई, तुम्ही विचारलेलं पाहिलं आणि थक्क झालो. शाळेतला मोबाईल जोडताना यादीत त्याची ओळ येते, त्यासमोर "ऑफर्ड" लिहिलेलं दिसतं आणि काही वेळानं ती ओळ निघून जाते. परत येते, परत "ऑफर्ड". "बाउंड" कधीच होत नाही. पंचायतीतला मोबाईल क्षणात "बाउंड" होतो.

एआरपीच्या यादीत पंचायतीतल्या मोबाईलचे मॅक वेगवेगळे आहेत. शाळेतल्या सगळ्या पत्त्यांसमोर मात्र एकच मॅक आहे. मी हातानं टाकलेल्या २४० समोरही तोच. हा मॅक कुणाचा?

मोर्शीची ताई

शाळेच्या छतावरचा रेडिओ उघडून पाहा, तो त्याचाच मॅक निघेल. आता उलगडा झाला. एक प्रश्न: त्या रेडिओला अलीकडं काही झालं होतं का? बदलला, रीसेट झाला, असं काही?

घाटंजीचा परिचालक

हो! वळवाच्या पावसात शाळेशेजारच्या कडुनिंबावर वीज पडली होती. जुना रेडिओ गेला. बसवणाऱ्या कारागिरानं दुसरा आणून लावला, लिंक जोडून दिली, स्पीड दाखवला आणि गेला. तेव्हा शाळेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या आणि अभ्यासिकाही दुपारी बंद असायची, म्हणून लगेच कुणाच्या लक्षात आलं नाही. मॅक पाहिला, रेडिओचाच आहे.

मोर्शीची ताई

मग ऐका. हे नीट समजून घेतलंत तर पुन्हा कधी अडणार नाही.

वायफायची साधी फ्रेम तीन पत्त्यांची असते. एखादा रेडिओ साध्या स्टेशन मोडमध्ये समोरच्याला जोडलेला असतो तेव्हा त्या फ्रेममध्ये पाठवणारा म्हणजे तो रेडिओ स्वतः, एवढीच जागा असते. त्याच्या पाठीमागं वायरला लावलेल्या मोबाईल-लॅपटॉपचा मॅक लिहायला जागाच नाही. म्हणून तसे रेडिओ एक तडजोड करतात. मागच्या प्रत्येक उपकरणाचा मॅक पुसून स्वतःचा लिहितात आणि कोणता आयपी पत्ता कोणत्या मॅकचा, याची यादी आपल्याजवळ ठेवतात. उत्तर आलं की आयपी पाहून योग्य उपकरणाला देतात. शाळेतल्या सगळ्यांसमोर एकच मॅक दिसतो तो यामुळं, आणि हातानं पत्ता टाकल्यावर सगळं चालतं तेही यामुळंच.

पण डीएचसीपीच्या वेळी मोबाईलकडं पत्ताच नसतो. डिस्कव्हर सगळ्यांना उद्देशून असल्यामुळं ती पंचायतीपर्यंत पोचते. सर्व्हर ऑफर लिहितो, पण ती पाठवतो डिस्कव्हरच्या पोटात लिहिलेल्या मोबाईलच्या खऱ्या मॅकला. पंचायतीच्या गच्चीवरचा रेडिओ म्हणतो, या मॅकचं माझ्याकडं कुणी जोडलेलंच नाही. ऑफर तिथंच संपते. म्हणून तुम्हाला "ऑफर्ड" दिसत राहतं.

मग ती दोन-तीन जुनी उपकरणं कशी चालतात? डीएचसीपीच्या संदेशात एक खूण असते, ब्रॉडकास्ट फ्लॅग. ग्राहकानं ती लावली असेल तर सर्व्हर उत्तर एकट्याला न पाठवता सगळ्यांना उद्देशून पाठवतो, आणि तसं उत्तर रेडिओ अडवत नाही. ज्यांच्या सॉफ्टवेअरनं ही खूण लावली त्यांना पत्ता मिळाला, बाकीच्यांना नाही. "काहींना मिळतो, काहींना नाही" अशी तक्रार आली आणि मध्ये रेडिओ असेल, तर पहिली शंका हीच घ्यावी.

खात्री करायला वेळ लागणार नाही. राउटरवर व्हीलॅन २० च्या डीएचसीपी सर्व्हरमध्ये "ऑलवेज ब्रॉडकास्ट" ही खूण लावा आणि शाळेतून जोडून पाहा.

घाटंजीचा परिचालक

ताई, जोडलं! एका मागोमाग एक सगळे मोबाईल "बाउंड". पोरं खोलीतून ओरडली. माझ्या शेजारी उभी असलेली एक मुलगी वनरक्षकाची सराव परीक्षा अर्धवट सोडून बसली होती, तिनं लगेच पुढचा पेपर उघडला. मनापासून आभार.

आता असंच राहू देऊ का?

अकोला जंक्शन

ताईंनी अचूक पकडलं. पण असंच राहू देऊ नका. मॅक बदलणारी ही तडजोड फक्त आयपीव्ही४ (पत्त्यांची जुनी पद्धत) पुरती आहे, आयपीव्ही६ (नवी पद्धत) त्यातून नीट जाणार नाही. शिवाय राउटरला शाळेतली सगळी उपकरणं एकाच मॅकची दिसतात. एखाद्या बिघडलेल्या यंत्राला मॅकवरून अडवायचं म्हटलं तर अख्खी शाळा अडेल.

दोन्ही रेडिओ चार पत्त्यांच्या मोडमध्ये घ्या. कंपनीनुसार त्याला डब्ल्यूडीएस किंवा ब्रिज असं काहीतरी नाव असतं, मायक्रोटिकचे रेडिओ असतील तर स्टेशन ब्रिज. क्रम महत्त्वाचा आहे: आधी लांबचा, म्हणजे शाळेचा रेडिओ बदला, मग पंचायतीचा. उलटं केलं तर लिंक तुटेल आणि शाळेच्या छतावर चढावं लागेल. बदलून झालं की एआरपीची यादी रिकामी करून परत पाहा. मॅक वेगवेगळे दिसले पाहिजेत. मग "ऑलवेज ब्रॉडकास्ट" काढून टाका.

कुरखेडा

हा धागा वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडं मध्ये रेडिओ नाही, राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं मुक्त सॉफ्टवेअर) आहे. पाहुण्यांसाठी नवीन व्हीलॅन केला, डीएचसीपी चालू केला, टॅग बरोबर, तरी कुणालाही पत्ता मिळत नाही. हातानं टाकला तर इंटरनेट चालतं, पण राउटरला पिंग जात नाही.

मोर्शीची ताई

फायरवॉल पाहा. पाहुण्यांच्या झोनला इनपुट (खुद्द राउटरकडं येणारे संदेश) नाकारलेलं असणार. ते बरोबरच आहे, पण मग यूडीपी ६७ पोर्टला परवानगी देणारा वेगळा नियम त्या झोनसाठी लिहावा लागतो. पाठोपाठ ५३ लाही (डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणं), नाहीतर पत्ता मिळेल आणि नावं उघडणार नाहीत.

कुरखेडा

झालं ताई. नियम लिहिला आणि लगेच मिळाला. धन्यवाद.

वणीवाला

ताई, मले एक सांगा. आमच्या गावात आठवडी बाजाराच्या दिवशी गावकऱ्यांचं वायफाय दुपारनंतर कोणालेच भेटत नाई. सकाळी भेटते, दुसऱ्या दिवशीबी भेटत नाई, मंग दोन-तीन दिवसांनी आपोआप बरं होते. रेडिओ नाई, काही नाई. हे बी त्यातलंच असन का?

मोर्शीची ताई

नाही भाऊ, तुमचा साठा संपतो. दोन-तीन दिवसांनी आपोआप बरं होतं, यावरूनच लीजची मुदत तीन दिवस ठेवलेली असेल असं वाटतं. एका /२४ च्या जाळ्यात (आयपीचे पहिले तीन आकडे ठरलेले, शेवटचा बदलता) २५४ पत्ते असतात. बाजाराला आसपासच्या गावांतून माणसं येतात, मोबाईल खिशातच जोडला जातो, माणूस संध्याकाळी घरी जातो आणि पत्ता मात्र तीन दिवस त्याच्या नावावर पडून राहतो.

२०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून मोबाईल प्रत्येक वायफाय नावासाठी वेगळा बनावट मॅक वापरतात, त्यामुळं एकच मोबाईल तीन नावांना जोडला तर तीन ठिकाणी पत्ते खातो. लीजच्या यादीत मॅकचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर तो असा बनावट मॅक समजायचा.

गावकऱ्यांच्या जाळ्याची मुदत एक तास करा. मोबाईल तिथंच असेल तर अर्धी मुदत झाली की तो स्वतःच नूतनीकरण मागतो, कुणाचं काही तुटत नाही. तरी कमी पडलं तर /२३ चं, म्हणजे दुप्पट मोठं, जाळं करा, ५१० पत्ते मिळतील. कार्यालयाच्या जाळ्याची मुदत मात्र एक दिवस किंवा जास्त असू द्या, तिथं माणसं तीच असतात.

वणीवाला

करून पाहतो जी. आणि परिचालक भाऊ, हातानं पत्ते टाकायचं मी सांगतलं होतं, ते चाचणीले कामी आलं, बरं वाटलं.

हिंगणघाट कापूसबाजार

आणखी एक, वीज वारंवार जाणाऱ्या गावांसाठी. लाइट येऊन-जाऊन स्विच परत चालू झाला की स्पॅनिंग ट्री (जाळ्यात वर्तुळ होऊ न देणारी सोय) पोर्ट उघडायला साधारण ३० सेकंद लावतो. तोवर वायरवरच्या संगणकाची डीएचसीपीची हाक वाया जाते आणि तो १६९.२५४ वर जाऊन बसतो. संगणकाच्या पोर्टवर पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट (पोर्ट लगेच उघडण्याची सेटिंग) चालू करा. स्विच ते स्विच जोडणीवर मात्र ते लावू नका, वर्तुळ झालं तर सगळं जाळं बसेल.

घाटंजीचा परिचालक

मंडळी, दोन्ही रेडिओ चार पत्त्यांच्या मोडमध्ये घेतले, आधी शाळेचा, मग पंचायतीचा. लिंक थोडा वेळ गेली आणि परत आली. एआरपीच्या यादीत आता शाळेतल्या प्रत्येक मोबाईलचा मॅक वेगळा दिसतो. "ऑलवेज ब्रॉडकास्ट" काढलं, तरीही सगळे "बाउंड".

गावकऱ्यांच्या जाळ्याची मुदतही एक तास केली. स्विचवर स्नूपिंग लावलं आहे, राउटरकडचा पोर्ट विश्वासाचा. रेडिओकडचा पोर्ट विश्वासाचा ठेवायचा का?

अकोला जंक्शन

नको. त्या बाजूला फक्त ग्राहक आहेत. शाळेत उद्या कुणी घरचा राउटर आणून लावला तर त्याचे पत्ते पंचायतीकडं येणार नाहीत. मात्र शाळेतला साधा स्विच स्नूपिंग करत नाही, म्हणून शाळेतल्या शाळेत तो राउटर त्रास देऊ शकेल. पुढं कधी वर्गणी जमली तर तिथंही छोटा मॅनेज्ड स्विच घ्या. तोवर ॲक्सेस पॉइंटमध्ये ग्राहकांना एकमेकांपासून वेगळं ठेवण्याची सोय असेल तर ती चालू करा, वायफायवरून कुणी परका सर्व्हर चालवला तर तो तिथंच अडेल.

आणि दोन्ही रेडिओंच्या सेटिंगची बॅकअप फाइल काढून पंचायतीच्या संगणकात ठेवा, मोडचं नाव कागदावर लिहून रेडिओच्या पॉवर अडॅप्टरला चिकटवा. पुढचा कारागीर आला की त्याला आधी तो कागद दाखवा.

घाटंजीचा परिचालक

कागद चिकटवला. फाइल पंचायतीत आणि मुख्याध्यापक सरांकडं, दोन्हीकडं ठेवली.